वाकळेचं वजन

मराठी लेखनात गोधडी आली की तीन-चार ओळींच्या आत 'ऊब' हा शब्द येतो. ललित लेख असो, दिवाळी अंकातली कविता असो, की निवृत्त गुरुजींचं आत्मकथन. आईचं जुनं लुगडं, आजीचे सुरकुतलेले हात, पौषातली रात्र आणि मग ऊब. यात खोटं काही नाही. पण इतक्या वेळा हेच वाचल्यावर मनात येतं, की लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी गोधडी शिवली असेल? मी स्वतः गेल्या उन्हाळ्यापर्यंत शिवलेली नव्हती, आणि माझ्या दोन छापील लेखांत ती आहे, ऊबेसकट. तेव्हा ही तक्रार आधी माझ्याचविरुद्ध आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी एक अर्धवट राहिलेली वाकळ पुरी करायला घेतली. वाकळ म्हणजे गोधडीच, आमच्याकडं हा शब्द जास्त चालतो. ती आईनं शिवायला घेतली होती, औसा तालुक्यातल्या आमच्या घरी, १९९३च्या उन्हाळ्यात. गाव किल्लारीपासून लांब नाही. घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी, की वाकळ निम्मी झाली, ३० सप्टेंबरला भूकंप झाला आणि ती राहूनच गेली. त्यानंतर ती पत्र्याच्या पेटीत होती. पेटी लातूरला आली, मग आईबरोबर नांदेडला माझ्याकडं आली. दर दोन-तीन वर्षांनी मी ती उघडायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि 'या सुट्टीत नक्की' म्हणून बंद करायची. मी कॉलेजात मराठी शिकवते. अपूर्णतेविषयी माझ्याकडं बरीच तयार वाक्यं आहेत.

पुरी करायची म्हणून फरशीवर अंथरली, तेव्हा ती पहिल्यांदा नीट पाहिली. वर आजीचं, म्हणजे आईच्या सासूचं, इरकली लुगडं. खाली एक विटलेलं पातळ. मध्ये दोन धोतरं, आणि एका कोपऱ्यात जुन्या चादरीचा तुकडा, कारण धोतर तिथं कमी पडलं असावं. लुगड्याचे काठ काढून चारी बाजूंनी लावलेले. काठाची वीण दाट असते, सुई सुखानं जात नाही, म्हणून ते मधे ठेवत नाहीत. (नांदेडच्या नरहर कुरुंदकरांच्या कादंबरीसमीक्षेच्या पुस्तकाचं नाव 'धार आणि काठ'. ते शिकवताना 'काठ' मी कायम नदीचाच धरत आले. लुगड्यालाही काठ असतो हे लक्षात यायला मला वाकळ अंथरावी लागली.)

टाके कडेपासून सुरू होतात आणि चौकोनी फेऱ्यांनी आत येत जातात. साधा धावदोराच, पण फेऱ्यामागं फेरा. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवत नेतात. या पद्धतीत मधला भाग सगळ्यात शेवटी येतो, म्हणून अर्धवट राहिलेल्या वाकळेत नेमकं मधलंच उघडं राहतं. आमच्या वाकळेत ते दोन हात लांब आणि दीड हात रुंद होतं. तिथं थर एकमेकांवर नुसते पडलेले होते, हात घातला तर सरकत होते.

बाहेरचे फेरे पांढऱ्या दोऱ्याचे, टाका शिताएवढा. मग निळा दोरा सुरू होतो आणि टाका लांबतो. मग काळा दोरा, अडीच फेरे, आणि जिथं तो संपतो तिथं सुई टोचून ठेवल्याचा गंजाचा डाग. निळ्या दोऱ्याच्या पट्ट्यात एक ठिगळ आहे, गर्द निळ्या जाड कापडाचं. फेरे त्याच्यावरून गेलेले आहेत, म्हणजे ठिगळ आधी लागलं आणि टाके नंतर पडले. ते कापड मी ओळखलं. माझ्या शाळेच्या स्कर्टचं होतं. त्या शाळेत मी १९९६ला गेले, लातूरला, पाचवीत.

म्हणजे भूकंपात राहून गेलेल्या वाकळेवर आई १९९६ नंतर कधीतरी पुन्हा बसली होती. निळा दोरा संपवून काळा घेण्याइतकी बसली होती. घरातली गोष्ट चुकीची होती. कुणी खोटं बोललं होतं असं नाही. ती गोष्ट सोयीची होती, नीट गोल होती, आणि आम्ही कुणीच वाकळ उघडून पाहिली नव्हती.

हे शोधल्यावर मला जो आनंद झाला तो आता थोडा लाजिरवाणा वाटतो. जुन्या पोथीत तीन वेगवेगळ्या शाया सापडाव्यात आणि संपादकानं हुरळून जावं, तसा तो होता. मग साहजिकच पोथ्या आठवल्या, आणि पोथ्यांबरोबर आपल्याच मराठवाड्यातले पैठणचे एकनाथ. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शके १२१२चा. मधल्या तीनशे वर्षांत नकलकारांच्या चुका आणि भाविकांच्या पदरच्या ओव्या त्यात शिरल्या होत्या. त्या बाजूला काढून झाल्यावर नाथांनी शेवटी बजावून ठेवलं, की यापुढं जो कुणी यात आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. मराठी पाठचिकित्सेतली ही पहिली मोठी सही, आणि तिचा सूर कडक आहे. दुसऱ्याच्या कामात आपला टाका घालू नका.

मी हे मनावर घेतलं, पण मला काम पुरं करायचं होतं, नुसतं शुद्ध ठेवायचं नव्हतं. तिथं नाथांचा उपयोग होईना. मग लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबलेलं होतं. राहिलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून काढला. लग्नानंतर अक्षरओळख झालेली बाई नवऱ्याचं महाकाव्य पुरं करते, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, आणि ती आहेच कौतुकाची. पण वाचक म्हणून माझं मत विचाराल तर 'ख्रिस्तायना'त लक्ष्मीबाई मला फारशा भेटत नाहीत. त्या टिळकांच्या मापाचा टाका घालत बसल्या आहेत. त्यांचा स्वतःचा हात आहे 'स्मृतिचित्रे'मध्ये, जिथं आधी कुणी आखून ठेवलेला फेरा नव्हता. तेच पुस्तक आजही लोक विकत घेऊन वाचतात. 'ख्रिस्तायना'चं नाव बहुतेकांना लक्ष्मीबाईंच्या चरित्रात सापडतं.

म्हणजे आईच्या मापाचा टाका घालायचा की माझा? हा प्रश्न मला वाङ्मयीन वाटत होता. नांदेडात वाकळा शिवून देणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांना तो वाटला नाही. त्यांनी वाकळ दोन बोटांच्या चिमटीत धरून चारी बाजूंनी चाचपली आणि म्हणाल्या, "ताई, टाके उसवा अन् नव्यानं घाला. दोन हातांची वाकळ ओढती. एक हात घट्ट, एक हात सैल. धुतली की गोळा होऊन बसती." मी म्हटलं, आईचे टाके आहेत, उसवायचे नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शिवायचे किती घेतील ते सांगितलं. मी वाकळ घेऊन परत आले, मनातल्या मनात बरीच उंच होऊन.

मग मीच बसले. पहिला फेरा आईच्या काळ्या टाक्याशी माप जुळवत घातला. हातभर टाके घालायला अर्धा तास लागला. दोरा घट्ट ओढला जात होता, कारण प्रत्येक टाका नीट दिसावा ही माझी चिंता होती. आईला तसली चिंता नव्हती. तीन फेऱ्यांत कापडावर चुण्या पडल्या. मावशी म्हणाल्या होत्या ते धुवायच्या आधीच दिसायला लागलं. चार थरांतून सुई काढून काढून बोटाचं टोक सोलवटलं. गोधडीवरच्या किती लेखांत बोट सोलवटलेलं आहे, मी आठवून पाहिलं. 'प्रेमाचे टाके' मात्र भरपूर आहेत.

त्या दिवसांत मी गोधडीवरचं मिळेल ते वाचत होते. बालभारतीच्या पुस्तकामुळं शाळकरी मुलांना माहीत झालेली कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता पुन्हा वाचली. चांगली कविता आहे, आणि माझ्या तक्रारीतून ती निम्मी सुटते, कारण कापड घरातल्या कुणाकुणाचं होतं हे ती विसरत नाही. चिंधीला ती माणसाचं नाव देते. तरी शेवटी ती ऊबेपाशीच येते, आणि त्यातला आवाज पांघरणाऱ्याचा आहे. शिवणारी बोलत नाही. आपल्या सगळ्या गोधडी-साहित्यात गोधडी तयार असते आणि कुणाच्या तरी अंगावर असते. खरं तर आमच्याकडं थंडी जेमतेम दोन महिने, आणि वाकळ लागते बाराही महिने. ती अंथरूण असते. उन्हाळ्यात माळवदावर झोपायला, बैलगाडीत बसायला, रानात बांधावर लेकरू निजवायला, पाहुण्यांना बसायला. वाकळेचं निम्म्याहून जास्त आयुष्य माणसाच्या खाली जातं, आणि आपण लिहितो ते वर असलेल्या वाकळेवर. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, त्यांची गोधडी वैराग्याची. उरलेल्यांची मायेची. बसायची वाकळ कुणाच्याच वाट्याला आली नाही.

ॲलिस वॉकरची 'एव्हरीडे यूज' ही १९७३ची कथा मी वर्गात शिकवलेली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतली एक काळी बाई, तिच्या दोन मुली. शिकून शहरात गेलेली डी घरी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते, भिंतीवर लावायला. घरी राहिलेल्या मॅगीला त्या लग्नात द्यायच्या ठरलेल्या असतात. मॅगी त्या वापरून फाडून टाकेल, असं डीचं म्हणणं. आई गोधड्या डीच्या हातातून काढून मॅगीच्या मांडीवर टाकते. शिकवताना मी नेहमी सांगत आले, की डीला वारसा कळतो पण शिवता येत नाही, मॅगीला शिवता येतं. मुलं लिहून घेतात. लेखिकेनं डीवर जरा जास्तच शाई ओतली आहे, तिला बाजू मांडायला जागाच ठेवलेली नाही, हेही मी सांगते आणि त्याचा मला थोडा अभिमान होता.

या वेळी वाचताना एक गोष्ट खटकन दिसली. त्या कथेत आधीचं घर जळालेलं आहे. मॅगीच्या अंगावर भाजल्याचे व्रण आहेत, ती मान खाली घालून पाय ओढत चालते. इतक्या वेळा शिकवूनही ती आग माझ्यासाठी पात्राचा तपशील होती. ज्या मुलीच्या अंगावर घर पेटलं तिला ती गोधडी अंगावर घेताना काय वाटत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. वॉकरही विचारत नाही.

अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या काळ्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरलं, मग न्यूयॉर्कला गेलं. शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या त्या गोधड्या पाहून समीक्षकांना आधुनिक अमूर्त चित्रं आठवली. फोटो पाहिले तर मलाही आठवतात. ते कौतुक खरं आहे आणि त्या बायकांना ते मिळायलाच हवं होतं. पण भिंतीवर लावलेल्या गोधडीचा फक्त वरचा थर उरतो. आत काय आहे, किती आहे, उचलताना मनगटाला काय कळतं, हे संग्रहालयात विचारता येत नाही, कारण हात लावायचा नसतो.

आमच्या वाकळेला मी दीड महिना हात लावत होते, आणि जिनं ती शिवली ती बाई शेजारच्या खोलीत होती. तिला मी काहीच विचारलं नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सुईत दोरा ओवता येत नाही, तिला वाईट वाटेल, अशी कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण बहुधा हे, की तीन दोऱ्यांचा शोध माझा होता आणि त्यावर लेख होणार होता.

एका दुपारी तीच येऊन खुर्चीवर बसली. "काय करलालीस?"

मी दाखवलं. पांढरा दोरा, निळा दोरा, माझ्या स्कर्टचं ठिगळ. म्हटलं, भूकंपानं राहिली म्हणतात सगळे, पण तू तर नंतर दोनदा घेतली होतीस की गं. मग थांबलीस कशाला?

"थांबले कशाला म्हंजे? जड झाली होती."

मला वाटलं हातांना जड. ती म्हणाली, हातांना नाही. शिवताना मांडीवर घ्यावी लागते, आत आत यायला लागलं की सगळी मांडीवर येते. "त्या रातीनंतर अंगावर जड काही सोसायचंच नाही मला. पत्र्याच्या शेडात होतो तवा मदतीतलं ते हलकं ब्लँकेट घ्यायचे. वाकळ घेतली की जीव दबायचा. लातूरला आल्यावर म्हटलं, आता व्हईल. दोन फेरे घातले की पुन्हा तेच." जरा वेळानं म्हणाली, "तुझ्या आजीचं लुगडं म्हणून टाकवंना."

किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली त्यांतली पुष्कळशी झोपेत गेली, पहाटे चारच्या सुमारास, गणपती बोळवून आल्यावर. घरं दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर मातीचा नवा थर टाकायचा. असे थर वर्षानुवर्षं साठत जातात. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, सगळे वाखाणतात. त्या पहाटे तेच वजन खाली आलं. आमच्या घरातलं माणूस गेलं नाही, एक खोली बसली. आई त्या खोलीच्या दारात झोपली होती.

गोधडीवर लिहिताना आपण थरांचं किती कौतुक करतो. पिढ्यांचे थर, आठवणींचे थर, थरावर थर. मीही केलं आहे. जिच्या घरावर थर कोसळले त्या बाईनं एक थर असलेली गोष्ट तीनदा हातात घेतली आणि तीनदा खाली ठेवली. आम्ही तिला 'राहून गेलं' म्हणत होतो. ती नको म्हणत होती.

मी विचारलं, मग आता काय करू? माझ्या मनात उत्तर तयार होतं. आहे तशीच ठेवू, अपूर्ण, गंजाच्या डागासकट. त्यावर एक बरा शेवटही सुचला होता.

"मधली धोतरं काढ," आई म्हणाली. "हलकी होईल. मग शीव."

धोतरं काढायची म्हणजे सगळे टाके उसवायचे. पांढरे, निळे, काळे, सगळे. मी म्हटलं, तुझा हात जाईल की त्यातला. ती म्हणाली, "हात हाय की माझ्यापाशी," आणि टीव्ही लावायला उठून गेली. म्हणजे मावशी बरोबर होत्या, वेगळ्या कारणासाठी. आणि डी कोण होती ते मला माझ्याच घरात कळलं.

उसवायला चार दिवस लागले. ब्लेडनं दोन-दोन टाक्यांआड दोरा कापायचा आणि ओढायचा. पांढरा दोरा कुजला होता, हातात तुटत होता. काळा अजून मजबूत. उसवण्याआधी घरातल्या काट्यावर ठेवली तेव्हा साडेतीन किलो भरली होती. धोतरं काढल्यावर लुगडं आणि पातळ, एवढंच राहिलं. इरकलीवर जिथं जिथं सुई गेली होती तिथं बारीक भोकं राहिली. उजेडासमोर धरलं की आईचे फेरे अजून दिसतात, फक्त दोरा नसलेले. मी त्या भोकांतून सुई घालायचा प्रयत्न करून पाहिला. जमत नाही. कापड सुकत, सरकत, भोकं जुळत नाहीत. मग माझ्या मापानं शिवली, लांब टाके, सैल दोरा. दोनच थर, त्यामुळं हात भरभर चालला. दिवाळीच्या आधी मधला चौकोन बंद झाला. शेवटचा टाका वाकडा आहे, वीज गेली होती.

एका धोतराची फडकी झाली, स्वयंपाकघरात ओटा पुसायला आहेत. दुसरं मी पेटीत ठेवलं आहे, डांबराच्या गोळ्या घालून. ते आईला सांगितलेलं नाही.

वाकळ तिच्या पलंगावर आहे. ती घडी घालून खाली अंथरते आणि वर साधी चादर घेते. जानेवारीत गारठा वाढला तेव्हा मी एका रात्री वाकळ उलगडून तिच्या अंगावर घालायला गेले. तिनं झोपेतच पायानं बाजूला सारली.